ही मी नव्हं

गेल्या पावसाळ्यात माझा भाचा बसवकल्याणला आमच्या घरी लॅपटॉप घेऊन आला. माझ्या आत्याबाईंना जात्यावरच्या ओव्या अजून तोंडपाठ आहेत. त्या ध्वनिमुद्रित करायच्या आणि मागून पेटी भरायची, असा त्याचा बेत. या कामाला गावही शोभणारं. इथल्या चालुक्यांच्या तिसऱ्या सोमेश्वरानं शके १०५१ च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. ही गोष्ट आम्ही पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो!

छोट्या रेकॉर्डरवर आत्याबाई गायल्या. भाच्यानं ते लॅपटॉपवर घेऊन ऐकवलं, तर आवाज चढा आणि लगबगीचा. आत्याबाई म्हणाल्या, "पोरा, ही मी नव्हं. माझी धाकटी बहीण असंल."

झालं होतं असं. संगणक आवाजाचे तुकडे मोजून ठेवतो. रेकॉर्डरनं सेकंदाला ४४,१०० तुकडे घेतले होते, आणि लॅपटॉप ते ४८,००० च्या वेगानं उलगडत होता. अशानं दहा मिनिटांचं गाणं सव्वानऊ मिनिटांच्या आत संपतं. सूर तर जवळजवळ दीड पट्टी वर जातो. काळी एकमध्ये गायलेलं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं. तिथं पेटीवाल्यानं करावं काय? भाच्यानं संगीताच्या प्रोग्रॅममध्ये आणि संगणकाच्या साउंड सेटिंगमध्ये, दोन्हीकडे ४४,१०० हाच आकडा ठेवला. एकाच ठिकाणी बदलून भागत नाही, हे तासभर डोकं खाजवल्यावर कळलं.

मग पेटीची पाळी. यूएसबीचा कीबोर्ड जोडला. बोट आत्ता पडतंय आणि सूर मागाहून येतोय. भाचा नवा लॅपटॉप घ्यायची भाषा करू लागला. त्याला म्हटलं, थांब बाबा, आधी ड्रायव्हर बघ.

ड्रायव्हर म्हणजे प्रोग्रॅम आणि साउंड कार्ड यांच्यामधला दुभाषा. नेहमीच्या वाटेनं आवाज गेला, तर त्यात बाकीच्या प्रोग्रॅमचेही आवाज मिसळले जातात आणि मग तो पुढं सरकतो. जर्मनीतल्या स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ मध्ये एसिओ नावाची थेट वाट काढली. साउंड कार्डाचा स्वतःचा एसिओ ड्रायव्हर असेल तर तोच निवडावा. नसेल तर एसिओ फॉर ऑल फुकट मिळतो.

एवढ्यावर भागलं नाही, कारण बफर, म्हणजे संगणक एका खेपेला हाताळतो तो तुकड्यांचा घास. आत्याबाईंना तो मी जात्यावरून सांगितला. मोठी मूठ वैरली की हाताला उसंत मिळते, पण पीठ उशिरा पडतं. लहान मूठ वैरली की पीठ लगेच, पण हात जरा चुकला की रिकामं जातं घरघरतं. बफर २,०४८ तुकड्यांचा होता, म्हणजे ४६ मिलिसेकंदांचा उशीर. तेवढ्यात आवाज हवेतून जवळजवळ १६ मीटर जातो. ओटीवर बसून परसातल्या पेटीवाल्याची साथ घेण्यातला प्रकार! २५६ वर आणला, तर उशीर जेमतेम सहा मिलिसेकंदांवर आला. पेटीवाला दोन मीटरवर येऊन बसला म्हणा. ६४ वर मात्र चरचर सुरू झाली. जातं रिकामं! भाचा मुकाट्यानं २५६ वर परतला.

संध्याकाळी लाईट गेली आणि २५६ वरही चरचर आली. लॅपटॉप बॅटरीवर गेला की वीज वाचवायला आपला वेग आवरता घेतो. भाच्यानं पॉवर सेटिंग पूर्ण वेगावर ठेवली, वायफाय बंद केलं, मागं उघडे पडलेले ब्राउझर मिटले. चरचर थांबली.

मग अंधारातच आत्याबाईंना त्यांचा खरा आवाज ऐकवला. जरा खरखरीत, ओळीच्या शेवटी दम लागलेला. त्या नीट ऐकून घेत होत्या. म्हणाल्या, "ही मीच. पण ती पहिलीबी ऱ्हाऊ दे रं, पुसू नको."