कमरेतली नळी आणि औषधांची जोडी

पनवेलमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना एक प्रश्न सारखा कानावर येतो. पळस्पे फाट्यावर मोटारसायकल घसरून मांडीचं हाड मोडलेला तरुण असो, की न्हाणीघरात पडून खुबा मोडलेल्या आजी; नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन होईल हो, पण भूल उतरल्यावर काय?" प्रश्न रास्त आहे, आणि दुखणं आवरायचं एक उत्तर कमरेतल्या बारीक नळीत आहे.

मज्जारज्जूभोवती एक चिवट आवरण असतं आणि त्याच्या बाहेर थोडी जागा. तिला एपिड्युरल जागा म्हणतात. कमरेच्या मणक्यांमधून सुई पुढे सरकताना सिरिंजच्या दट्ट्यावर आमचा अंगठा असतो. आतल्या घट्ट बंधापाशी दट्टा अडून राहतो आणि एका क्षणी सलाईन अलगद आत जातं. जागा सापडली! मग सुईतून दोऱ्यासारखी बारीक नळी आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि नळी पाठीवर चिकटवायची. पुढचे दोन-तीन दिवस तिच्यातून औषध देता येतं. स्पेनचे लष्करी सर्जन फिदेल पाहेस यांनी कमरेतून एपिड्युरल भूल देण्याबद्दल १९२१ मध्ये लिहिलं, म्हणजे मूळ कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे.

आता औषध कोणतं? मूळ औषध बहुधा ब्युपिवाकेन. ऑपरेशनच्या वेळी ते ०.५ टक्के तीव्रतेचं वापरतात. तेच पुढे चालू ठेवलं, तर दुखणार नाही, पण पायही उचलणार नाहीत आणि रक्तदाब उतरेल. म्हणून नंतर तीव्रता पाव करतात, ०.१२५ टक्के, आणि उरलेलं काम त्यात मिसळलेल्या दुसऱ्या औषधावर, म्हणजे जोडीदारावर सोपवतात. कधी मूळ औषध म्हणून ब्युपिवाकेनचा धाकटा भाऊ रोपिवाकेन वापरतात. त्यानं पाय कमी जड होतात.

जोडीदार तीन-चार आहेत. फेंटानिल पाच-दहा मिनिटांत काम सुरू करतं, पण काही तासांतच ओसरतं. अंगाला खाज सुटते, मळमळतं. मॉर्फिनचा एक डोस बारा तासांहून अधिक पुरू शकतो, पण श्वास उशिरा मंदावण्याची भीती असते, म्हणून रात्रभर पहारा लागतो. क्लोनिडिन आणि डेक्समेडेटोमिडिन यांनी खाज येत नाही आणि वेदनेला उतार फेंटानिलपेक्षा जास्त वेळ मिळतो. मात्र नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो आणि डेक्समेडेटोमिडिननं गुंगी येते.

आपल्या शेजारी कामोठ्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत एमडीचे विद्यार्थी या जोड्यांची तुलना करतात. सगळ्या पेशंटना मूळ औषध एकच, जोडीदार वेगळा. मग ठरावीक वेळानं विचारायचं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? पाय हलतो का? नाडी, रक्तदाब, श्वास किती? वरून आणखी इंजेक्शन कधी मागितलं?

आकडे बघताना एक चूक सहज होते. सर्वांत जास्त तास टिकली ती जोडी जिंकली, असं वाटतं. माझं मत वेगळं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी जिच्या आधारानं पेशंट खोकतो, उठून बसतो, वॉकर धरून चार पावलं टाकतो, ती जोडी चांगली. नाडी आधीच मंद असलेल्या आजोबांना क्लोनिडिन नको. रात्री लक्ष ठेवायला पुरेसा स्टाफ नसेल, तिथे मॉर्फिन नको. धडधाकट तरुणाला यातलं बरंच काही चालून जातं.

म्हणून माझ्या दोन विनंत्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला सांगायला विसरू नका. त्या गोळीमुळे नळी घालताना आणि काढतानाही मणक्यात रक्त साकळू शकतं. आणि नर्सताई दुखणं किती म्हणून विचारतील, तेव्हा "सोसतंय" म्हणू नका. आकडा सांगा. औषध कमी-जास्त करायला आम्हाला त्याचाच आधार असतो.