शिक्षणाचे कर्ज थकले तर...

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणाचे महत्त्व आपण या व्यासपीठावरून दरवर्षी ऐकतो, आणि ते आता आपणांस पटलेलेही आहे. आज मी त्याच शिक्षणाच्या एका अवघड बाजूविषयी बोलणार आहे. मुलाच्या वा मुलीच्या शिक्षणासाठी काढलेले सरकारी कर्ज थकले, तर काय करावे? हा प्रश्न अनेक घरांत आहे, पण तो चारचौघांत बोलला जात नाही. लग्नासाठी काढलेले कर्ज साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक असते. शिक्षणाचे थकलेले कर्ज मात्र सख्ख्या भावालाही सांगितले जात नाही. नोटिशीचे पाकीट येते आणि न फोडताच कपाटावर ठेवले जाते.

आपल्या होळीच्या बाजारातील कोणत्याही जुन्या दुकानदाराला विचारा. उधारी थकलेल्या गिऱ्हाईकाचा त्याला राग नसतो. दुकान टाळून जो दुसऱ्या रस्त्याने जातो, त्याचा असतो. जो समोर येऊन "या महिन्यात एवढेच जमले" असे म्हणतो, त्याची वही चालू राहते. सरकारी कर्जाचा व्यवहारही फार वेगळा नाही.

प्रथम आपले कर्ज कोणाचे आहे हे पाहावे. आपल्या समाजातील विद्यार्थ्यांना दोन मार्गांनी कर्ज मिळते. एक मार्ग मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचा. तेथे शैक्षणिक कर्जाला वार्षिक ३ टक्के व्याज लागते, आणि अभ्यासक्रम संपल्यावर सहा महिन्यांनी फेड सुरू होऊन ती साधारण पाच वर्षांत पुरी करायची असते. अडीच लाखांच्या कर्जाचा मासिक हिशेब केला तर हप्ता सुमारे साडेचार हजार रुपये पडतो. दुसरा मार्ग बँकांचा. इंडियन बँक्स असोसिएशनने २००१ साली आखलेल्या नमुना योजनेवर ही कर्जे आधारलेली असतात. त्यांत शिक्षणाचा काळ आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो. मात्र व्याज चालूच असते. चार लाख पुरे उचलले असतील आणि व्याज १० टक्के असेल, तर वर्षाला चाळीस हजारांची भर पडते. "अजून हप्ता सुरू नाही" म्हणजे "अजून देणे वाढत नाही" असे नव्हे, ही गोष्ट पुष्कळ पालकांच्या ध्यानात येत नाही.

आता थकल्यावर काय होते? बँकेचा हप्ता नव्वद दिवसांहून अधिक काळ राहिला, की ते खाते अनुत्पादक ठरते. त्याची नोंद सिबिलसारख्या संस्थेकडे जाते. पुढे मुलाला रिक्षा घ्यायची असो, घर घ्यायचे असो वा दुकान टाकायचे असो, प्रत्येक ठिकाणी ती नोंद आडवी येते. बँकेच्या कर्जात वडील बहुधा सहकर्जदार असतात. त्यांच्याही नावावर तीच नोंद होते. महामंडळाच्या कर्जाला जामीनदार असतो. कर्जदार गप्प बसला की नोटीस त्याच्या दारी जाते. तो बहुधा आपलाच मामू, शेजारी किंवा कोणी नोकरदार ओळखीचा असतो. आपल्या मुलाचे भले व्हावे म्हणून त्याने सही केलेली असते. त्याला नोटिशीने कळण्याआधी आपल्या तोंडून कळले पाहिजे, एवढा त्याचा हक्क आहे.

मग करावे काय? मी क्रमाने सांगतो.

पहिले काम, कागद जमवावेत. मंजुरीचे पत्र, करारनामा, भरलेल्या पावत्या, आलेल्या नोटिसा एका पिशवीत ठेवाव्यात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधीचे महामंडळाचे कर्ज असेल, तर आपली फाईल आज कोणत्या कार्यालयात आहे हे आधी विचारून घ्यावे.

दुसरे, खात्याचा लेखी उतारा मागावा. मुद्दल किती, व्याज किती, दंड किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे. नुसत्या तोंडी आकड्यावर कबुली देऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये.

तिसरे, लेखी अर्ज द्यावा. नोकरी नाही, पगार अपुरा आहे, घरात आजारपण आले, जे खरे असेल ते पुराव्यासह लिहावे आणि दरमहा किती भरता येईल तो आकडाही लिहावा. बँकांच्या नमुना योजनेत २०१५ साली सुधारणा झाली. तीनुसार फेडीची मुदत पंधरा वर्षांपर्यंत असू शकते, आणि बेकारीच्या वा अपुऱ्या कमाईच्या काळात हप्ता पुढे ढकलण्याचीही सोय आहे. पण ही सोय मागणाऱ्याला मिळते. अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.

चौथे, व्याज अनुदानाची चौकशी करावी. केंद्र सरकारच्या २००९ च्या योजनेत साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलांचे, व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांच्या कर्जावरील सवलतीच्या काळातले व्याज सरकार भरते. तहसील कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला वेळेवर न दिल्यामुळे हा लाभ हातचा जातो. परदेशी शिक्षणासाठी अल्पसंख्याकांना असलेली 'पढो परदेश' योजना मात्र २०२२-२३ पासून बंद झाली आहे. तिच्या भरवशावर नवे कर्ज काढू नये.

पाचवे, प्रकरण कोर्टाकडे निघाले असेल तर लोकअदालतीचा मार्ग आहे. १९८७ च्या कायद्याने तिच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ आहे आणि त्यावर अपील नाही; म्हणून जेवढे खरोखर भरता येईल तेवढेच तेथे कबूल करावे. तडजोडीने सूट घेतली तर पत नोंदीत 'तडजोड' असा शेरा राहतो, पूर्ण फेडीचा राहत नाही, हेही समजून घ्यावे. शेवटचा पैसा भरला की 'देणे बाकी नाही' असा दाखला जरूर घ्यावा.

कोणी वसुलीवाला दमदाटी करीत असेल, तर आपणही निराधार नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास मनाई केली. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

काही बंधू म्हणतात, थांबा, कर्जमाफी येईल. २००८ साली केंद्राने आणि २०१७ व २०१९ साली आपल्या राज्याने माफी दिली, ती शेतकऱ्यांना. शिक्षणाचे कर्ज तीत नव्हते. वाट पाहण्यात फक्त व्याज वाढते.

आपल्या दीनमध्ये कर्जाचा विचार किती बारकाईने झाला आहे, हे आपण जाणता. कुराण शरीफमधील सर्वांत लांब आयत देण्याघेण्याची लिखापढी करण्याविषयी आहे, आणि तिच्याच थोडे आधी अडचणीतल्या कर्जदाराला मुदत देण्याची शिकवण आहे. मुदत मागणे यात कमीपणा नाही. ऐपत असून टाळणे यात आहे. कर्जदाराच्या जनाज्यासमोर हजरत अबू कतादा (रजि.) यांनी त्याचे देणे आपल्या शिरावर घेतले, ही हदीस आपण ऐकली आहे. जामिनाचे मोल त्यावरून ओळखावे.

शेवटी विद्यार्थी मित्रांनो, एक जुनी हकीकत तुमच्यासाठी. १९६३-६४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली होती. तिला व्याज नव्हते, आणि कर्ज घेऊन शिकलेला विद्यार्थी शिक्षक झाला तर त्याला फेडीत सूटही मिळे. तिची वसुली नीट झाली नाही आणि १९९० नंतरच्या वर्षांत ती बंद पडली. बिनव्याजी शिक्षणाचे एक दार मिटले. महामंडळाचा पैसाही असाच फिरता आहे. तुम्ही भरलेल्या हप्त्यातून तुमच्या मागे दहावी-बारावीत बसलेल्या मुलामुलीला कर्ज मिळायचे असते. तुमचा हप्ता चुकला तर तिची फी चुकते.

म्हणून पहिला पगार हातात आला की त्यातून पहिला हप्ता बाजूला काढा. पगारच नसेल तर अर्ज लिहा. अर्ज लिहिता येत नसेल तर शाळा सुटल्यावर आम्हा शिक्षकांकडे या; आम्ही लिहून देऊ. पालकांनो, आज घरी गेल्यावर कपाटावरचे ते पाकीट खाली काढा.