कड्यावर टांगलेला वॉकीटॉकी: एकाच फ्रिक्वेन्सीवरचा रिपीटर

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा तांत्रिक आहे, पण सुरुवात एका फजितीने करतो. फजिती माझीच आहे, त्यामुळे बिनधास्त ऐका.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. आठवडाभर लॅपटॉप आणि सुट्टी मिळाली की सह्याद्री. सोबत हॅम रेडिओचा छंद. आमच्या ट्रेकच्या ग्रुपमध्ये चौघांकडे हॅमचा परवाना आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने जायचं ठरवलं. ज्यांनी केलीय त्यांना माहितीये, बेलपाड्यातून निघून त्या दगडधोंड्यांच्या घळीतून चढत थेट कोकणकड्याच्या बाजूला वर यायचं. दमछाक करणारी वाट आहे. मोबाईलला रेंज मिळेल या भरवशावर तिथे जाऊच नये.

प्लॅन असा होता. मी आदल्या दिवशीच पाचनईकडून वर येऊन देवळाजवळ मुक्कामाला. माझ्याकडे प्रथमोपचाराचं सामान, दोर, जास्तीचं पाणी. नळीतल्या टीममध्ये दोन रेडिओ, एक पुढे, एक मागे. आता अडचण काय, तर देवळापाशी बसून नळीतलं काहीच ऐकू येत नाही. मध्ये अख्खा डोंगर आडवा. म्हणून चौथा दोस्त कड्याच्या काठाला, घळीत डोकावता येईल अशा जागी बसला. खालचं ऐकायचं आणि मला सांगायचं. थोडक्यात, माणूसच रिपीटर.

दुपारी दोनच्या सुमाराला मागच्या रेडिओवरून निरोप आला: "दोघं मागे थांबलोय, एकाला चक्कर येतेय, पाणी संपलंय. दोर नको, पाणी घेऊन या." कड्यावर हा वारा! माझ्यापर्यंत काय पोचलं? "दोघं मागे थांबलेत, दोर घेऊन ये." मी दोर खांद्यावर टाकला आणि पळालो. पाणी घेतलं ते फक्त माझ्या स्वतःच्या बाटलीतलं. कड्यावर पोचल्यावर घोळ कळला. परत देवळाकडे, परत कड्यावर, मग नळीतून खाली. पाऊण तास त्यातच गेला. तोपर्यंत तो मित्र दगडाच्या सावलीत आडवा पडून होता. पाणी, मीठ-साखर पोटात गेल्यावर सावरला आणि संध्याकाळी वर आला. पण त्या पाऊण तासात काहीही होऊ शकलं असतं. चूक कड्यावरच्या दोस्ताची नव्हती बरं का. निरोप परत म्हणून दाखवायची जबाबदारी माझी होती आणि मी ती टाळली.

घरी आल्यावर डोक्यात एकच प्रश्न. मधला माणूस शब्द बदलणार नाही असं काही करता येईल का?

नेहमीचा रिपीटर कसा चालतो ते आधी बघू. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच पुन्हा बोलतो. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या बँडमध्ये या दोन्हींत साधारण ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. आता विचार करा, स्वतः मोठ्याने ओरडत असताना लांबची कुजबुज ऐकायची! त्यासाठी डुप्लेक्सर नावाचे मोठे फिल्टर लागतात, धातूच्या लांब नळकांड्यांसारखे. ते घेऊन नळी कोण चढणार?

दुसरा मार्ग म्हणजे पोपट. साध्या एफएम वॉकीटॉकीला एक छोटी डबी जोडायची. समोरचा बोलला की डबी रेकॉर्ड करते, तो थांबला की त्याच फ्रिक्वेन्सीवर रेकॉर्डिंग वाजवते. स्वस्त आणि मस्त, कुठल्याही रेडिओसोबत चालतं. फायदा असा की आपला निरोप कसा गेला ते आपल्यालाही ऐकू येतं. तोटा वेळेचा. दहा सेकंदांच्या बोलण्याला वीस सेकंद जातात, आणि पोपट बोलत असताना मध्येच कोणी बटण दाबलं तर सगळा गोंधळ. आम्ही हे आधी करून पाहिलं. शिस्त असेल तर चालतं. दमलेल्या माणसांकडे शिस्त उरत नाही.

आता येऊ डिजिटलकडे. डीएमआर नावाचं एक मानक आहे, युरोपातल्या एट्सी या संस्थेने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेलं. त्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनलचे वेळेनुसार दोन भाग पाडतात, टाइम स्लॉट १ आणि टाइम स्लॉट २. प्रत्येक स्लॉट ३० मिलिसेकंदांचा. तुम्ही बोलता तेव्हा तुमचा हँडसेट सलग प्रक्षेपण करतच नाही. ३० मिलिसेकंद चालू, ३० बंद, पुन्हा ३० चालू. आवाज आधी दाबून लहान केलेला असतो, म्हणून अर्ध्या वेळात मावतो.

म्हणजे बघा, प्रत्येक वेळी ३० मिलिसेकंद रिकामे राहतात. मग मधल्या रेडिओने पहिल्या स्लॉटमध्ये ऐकायचं आणि दुसऱ्या स्लॉटमध्ये तेच पुढे पाठवायचं. फ्रिक्वेन्सी एकच, अँटेना एकच, डुप्लेक्सर नाही, कारण तो ऐकतो तेव्हा बोलत नाही आणि बोलतो तेव्हा ऐकत नाही. सेकंदाला साधारण १६ वेळा ही अदलाबदल होते. स्लॉटच्या ३० मिलिसेकंदांपैकी खरी माहिती २७.५ मिलिसेकंदांत जाते, उरलेले अडीच मोकळे ठेवलेले असतात. ऐकणं सोडून बोलणं सुरू करायला एवढीच सवड! म्हणून हे प्रत्येक हँडसेटला जमत नाही. हायटेराच्या पीडी९८एक्स मालिकेत ही सोय आहे. विकत घेताना 'सिंगल फ्रिक्वेन्सी रिपीटर' हे शब्द मॅन्युअलमध्ये शोधा. नुसतं डीएमआर लिहिलंय म्हणून घेऊ नका.

एक मर्यादा लक्षात ठेवा. डीएमआरच्या मोठ्या रिपीटरवर एका वेळी दोन वेगळी संभाषणं चालतात. इथे दोन्ही स्लॉट एकाच संभाषणात खर्च होतात. आम्हाला तेवढंच हवं होतं.

आता दुसरी फजिती. मी तीन रेडिओ टेबलावर ठेवून सेटिंग केलं, बोलून पाहिलं, झकास ऐकू आलं. खुशीत गडावर गेलो आणि तिथे शुकशुकाट! झालं काय होतं, माझा रेडिओ स्लॉट १ ऐकत होता. म्हणजे टेबलावर मला बोलणाऱ्याचा आवाज थेट येत होता, रिपीटरचा नाहीच. गडावर थेट आवाज पोचेना आणि रिपीटरचा आवाज होता स्लॉट २ वर. 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणणाऱ्या प्रोग्रॅमरची गत झाली राव. लॅपटॉपशिवाय सेटिंग बदलणं जमेना, ती खेप वाया गेली.

तेव्हापासून आमचा नियम असा. चाचणी अशा दोन जागांमध्येच करायची, जिथे थेट संपर्क होत नाही. आधी रिपीटर बंद ठेवून खात्री करायची की काही ऐकू येत नाही. मगच चालू करायचा. आमच्या सोसायटीत एक जण तळघरातल्या पार्किंगमध्ये, एक जण मागच्या इमारतीपलीकडे आणि रिपीटर गच्चीवर, अशी परीक्षा घेतो.

तिसऱ्या खेपेला जमलं. रिपीटरचा हँडसेट कड्याजवळ उंच काठीला उभा बांधला. खिशात किंवा सॅकमध्ये ठेवला तर अंग आणि सामान सिग्नल खातं. पॉवर कमी ठेवली, आणि याला दोन कारणं. एक बॅटरी, कारण रिपीटर दिवसभर सगळ्यांच्या वाटचं बोलत असतो. दुसरं म्हणजे हजार मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज साधारण १३० किलोमीटरपर्यंत जातं. आपल्याला दीड-दोन किलोमीटर हवेत, उगाच लांबच्या लोकांच्या चॅनलवर कशाला बसायचं? नळीतल्या एका अरुंद टप्प्यात तरीही आवाज तुटत होता. तो टप्पा आम्ही लिहून ठेवलाय. तिथे शिरण्याआधी आणि बाहेर आल्यावर कळवायचं.

आणि हो, परवान्याचं सांगायलाच हवं. हे हॅम बँडवर करायचं तर रेडिओ हातात घेऊन बोलणाऱ्या प्रत्येकाकडे परवाना हवा. त्यासाठी केंद्राच्या दूरसंचार विभागाची परीक्षा असते, वयाच्या १२ व्या वर्षापासून देता येते, आणि रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स कोड लागत नाही. बोलताना कॉलसाइन सांगायचा, एन्क्रिप्शन बंद ठेवायचं, धंद्याचं बोलायचं नाही. पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये. रिपीटर लावण्याआधी परवान्याच्या अटी नीट वाचा.

शेवटी एक. रिपीटर आला तरी कड्यावर आमचा दोस्त बसतोच. यंत्र शब्द बदलत नाही हे खरं, पण समोरच्याने ऐकलं की नाही हे त्याला कळत नाही. बॅटरी संपली तर ते सांगायलाही येत नाही. म्हणून आता प्रत्येक निरोप ऐकणारा परत म्हणून दाखवतो: "पाणी हवंय, दोर नको, बरोबर?" समोरून "बरोबर" आल्याशिवाय कोणी जागचा हलत नाही. त्या दिवशी मी एवढं विचारलं असतं, तर माझा मित्र पाऊण तास तहानलेला पडून राहिला नसता.

प्रश्न असतील तर जरूर पाठवा. तुमच्या ट्रेकला रेडिओ कुठे दगा देतो तेही कळवा, पुढच्या एखाद्या भागात त्यावर बोलू. चला, काळजी घ्या. भेटूच!