एक पोळी कमी, एक वाटी वरण अधिक

नोकरी करणाऱ्या किंवा परीक्षेच्या तयारीला लागलेल्या कोणत्याही तरुणास 'नीट जेवतोस ना?' असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर येते : 'वेळ कुठे आहे?' हे उत्तर खोटे नसते. आसपासच्या खेड्यांतून शिक्षणासाठी व कामासाठी उज्जैनला आलेली कितीतरी मुले-मुली एकेक खोली घेऊन राहतात. सकाळी नऊला कामावर हजर व्हावयाचे, रात्री आठ-नऊला परतावयाचे, आणि स्वयंपाकघर म्हणाल तर खिडकीखालचा हातभर ओटा. अशांना 'घरचे सकस अन्न खात जा' असा उपदेश करणे सोपे आहे. तो पाळावयाचा कसा, हे मात्र उपदेश करणारा सांगत नाही. म्हणून आज मी केवळ पहिल्या पावलाविषयी बोलणार आहे.

सकाळपासूनच आरंभ करू. उज्जैनचा दिवस पोह्यांनी उगवतो. शिंद्यांच्या अमदानीपासून येथे मराठी घरे आहेत, आणि पोहेही आपल्याच मंडळींबरोबर माळव्यात आले, असे येथील मराठी माणूस मोठ्या अभिमानाने सांगतो. माळव्याने मात्र त्यांना आपले रूप दिले. वाफेवर गरम ठेवलेले, बडीशेपेचा वास असलेले पोहे, त्यांवर शेव व जिरावण, आणि शेजारी जिलबी! या पोह्यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. पोहे हलकेच असतात. शेवेतले तेल व मीठ आणि जिलबीतला मैदा व साखर ही त्यांची संगत तेवढी वाईट. शिवाय त्या बशीत डाळ-कडधान्य फारसे नाही. म्हणून नऊला भरलेले पोट अकराला पुन्हा रिकामे होते आणि पाय आपोआप कचोरीच्या दुकानाकडे वळतात.

यावर उपाय असा की, पोहे सोडू नयेत. शेव निम्मी मागावी, जिलबी रविवारकरिता ठेवावी, आणि घरातून निघताना मूठभर भाजलेले चणे किंवा मोड आलेले मूग खाऊन निघावे. मूग रात्री भिजत घालावेत, सकाळी पाणी काढून फडक्यात बांधावेत. दुसऱ्या दिवशी मोड तयार. यास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. पोह्यांवरचे लिंबू मात्र कोणी नाकारू नये. धान्यातील लोह अंगी लागण्यास लिंबाच्या रसाची मदत होते. याच्या उलट काम चहा करतो. जेवणाच्या आधी व नंतर निदान तासभर चहा घेऊ नये, असे राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारविषयक सूचनांत म्हटले आहे. मुलींनी याकडे विशेष लक्ष द्यावे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५७ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. 'थकवा येतो म्हणून चहा घेते' असे म्हणणाऱ्या मुलींना हे कोणी तरी सांगावयास हवे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. माझा एक जुना विद्यार्थी औषधांच्या दुकानात काम करतो. वय अवघे सव्वीस. सहज म्हणून रक्त तपासून घेतले, तो साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर! मला भेटून म्हणाला, "सर, मी तर मिठाईला हातही लावत नाही, मग ही साखर आली कोठून?" मी त्यास दिवसभराचे खाणे सांगावयास लावले. सकाळी पोहे, दुपारी डब्यातल्या पाच पोळ्या, बटाट्याची भाजी व भात, संध्याकाळी समोसा, रात्री पुन्हा पोळ्या आणि बटाटा. डाळ? ती पातळ पाण्यासारखी असते, म्हणून तो ती डब्यातच ठेवी. त्याचा चहा चार वेळा, प्रत्येक वेळी दोन चमचे साखर. म्हणजे तीस ग्रॅमांहून अधिक साखर एकट्या चहातून. आणि वर उल्लेखिलेल्या सूचनांप्रमाणे दिवसाची मर्यादा पंचवीस ग्रॅम!

त्याच्यासारखे तो एकटाच आहे असे नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह असून साडेतेरा कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. याच पाहणीतून आपल्या आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ साली बाहेर आले. आपल्या अन्नातील शेकडा ६२ उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांतून केवळ १२. त्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, मैद्याऐवजी गव्हाचे वा भरड धान्याचे पीठ वापरले, पण एकूण पिष्ट तितकेच ठेवले, तर विशेष फरक दिसला नाही. मात्र दिवसाच्या उष्मांकांपैकी पाच टक्के पिष्टमय पदार्थांऐवजी डाळी-कडधान्यांतील किंवा दूधदुभत्यातील प्रथिनांतून आले, तर मधुमेहाचा धोका कमी आढळला. दोन हजार उष्मांकांचे पाच टक्के म्हणजे शंभर. आणि शंभर उष्मांक म्हणजे जवळजवळ एक पोळी!

मी त्याला एवढेच सांगितले : पाचवी पोळी घेऊ नकोस; तिच्याऐवजी घट्ट वरणाची वाटी किंवा दही घे. मेसवाल्याला डाळ दाट करावयास सांग, थोडे पैसे अधिक मागितले तर दे. वरणातही पिष्ट असतेच, हे खरे. पण पोळीपेक्षा त्यात प्रथिने पुष्कळ अधिक. काकडी, मुळा, गाजर, जे स्वस्त मिळेल ते धुऊन तसेच खावे. त्याला ना चूल लागते ना आचारी.

आणखी एक गंमत पाहा. माळव्याची शेते पावसाळ्यात सोयाबीनने हिरवीगार होतात. पूर्वी जेथे ज्वारी डुलत असे, तेथे १९७०नंतर हे पीक पसरले. पण हा माल तेलाच्या कारखान्यांकडे जातो. आपल्या ताटात येते ते तेल. त्याच सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात. मूठभर वड्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून भाजीत टाकल्या की बटाट्याची भाजीही पौष्टिक होते. चव प्रथम थोडी परकी वाटते. आले-लसूण सढळ हाताने घालावे.

महाकालाच्या परिसरात, नीलकंठ वनात, ७ जानेवारी २०२४ रोजी 'प्रसादम्' नावाची खाद्यगल्ली सुरू झाली. देशातील पहिली आरोग्यदायी व स्वच्छ खाद्यगल्ली म्हणून तिचे उद्घाटन केंद्रीय आरोग्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. तीत एकोणीस दुकाने आहेत. स्वच्छ पाणी आणि स्वच्छ भांडी यांचे मोल मी जाणतो. तरीही तरुणांना एक भेद सांगावासा वाटतो. स्वच्छ हातांनी तळलेली कचोरी आजचे पोट सांभाळते, वीस वर्षांनंतरचे नव्हे.

रात्रीच्या जेवणाविषयी थोडेच सांगतो. ते शक्यतो नवाच्या आत घ्यावे. अकरा वाजता भुकेल्या पोटी दूरध्वनीवरून जेवण मागविणारा माणूस वरण-भात मागवीत नाही, हे आपण जाणताच. कामावरून सुटण्यापूर्वी एखादे केळे किंवा मूठभर शेंगदाणे खाल्ले, तर घरी पोहोचेपर्यंत धीर राहतो व तव्यावर दोन पोळ्या टाकण्याचे त्राण उरते.

हे सारे एकाच सोमवारी आरंभू नये. श्रावणी सोमवार असो किंवा आमच्या घरचा शुक्रवार असो, नेम लहान असेल तरच टिकतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. प्रथम पंधरा दिवस फक्त पोळी व वरण यांची अदलाबदल करावी, मग चहातला एक चमचा कमी करावा. जिभेला त्याची सवय होण्यास वेळ द्यावा.

आणि रविवारी कोणी दाल-बाफल्याचे निमंत्रण दिले तर? अवश्य जावे. तुपात बुडवलेले चार बाफले वाढले जातील, त्यांतले दोन घ्यावेत. सोबतची डाळ मात्र घट्ट असते व उत्तम असते; ती संकोच न करता दुसऱ्यांदा मागून घ्यावी.