रेणूतली बटई



आमची शाळा सातवीतच सुटली. बोनस आणि हजेरीपत्रक यांवर आम्ही रात्रभर बोलू. पण रसायनशास्त्रावर बोलायला उभे राहिलो, याचे आपणांस नवल वाटत असेल. त्याला कारण घडले ते एका हिवाळ्यात. एका कारखान्याच्या पहारेकऱ्यांच्या खोलीत दोघे जण कोळशाची शेगडी पेटवून, दारखिडकी लावून झोपले. सकाळी एकच उठला. कचेरीच्या कागदावर कारण पडले, ‘थंडी’. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याखाली दावा लावायचा तर हा मृत्यू कशाने झाला ते आधी आम्हांला कळायला हवे होते. म्हणून जुन्या बाजारातून कॉलेजचे एक पुस्तक आणले. त्यात कार्बन मोनॉक्साइडचे चित्र होते: कार्बनवर उणे एक, ऑक्सिजनवर अधिक एक. आम्ही म्हटले, ही छपाईची चूक! ऑक्सिजन हा ओढखोर; त्याच्याकडे तूट आणि कार्बनकडे शिल्लक, हे कसे?

चूक नव्हती. तो ‘औपचारिक प्रभार’ होता, आणि तो हिशेब आपल्या बटईसारखा आहे. अणूच्या बाहेरच्या कवचात काही इलेक्ट्रॉन असतात. कार्बनचे चार, ऑक्सिजनचे सहा. हे त्याचे घरचे भांडवल. दोन अणू जुळतात तेव्हा इलेक्ट्रॉनांची एकेक जोडी सामाईक ठेवतात, हे ल्युइस या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1916 साली मांडले. सामाईक ते शेत बटईचे, पीक निम्मे-निम्मे. जी जोडी वाटून घेतलेली नाही ती सगळी ज्याची त्याची. आता घरच्या भांडवलातून ही सगळी न वाटलेली रक्कम वजा करा, बटईतला निम्मा वाटाही वजा करा. उरेल तो औपचारिक प्रभार. इलेक्ट्रॉन ऋण असल्याने ज्याच्याकडे जास्त आले त्याचा आकडा उणे पडतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. आम्ही तिथे पुष्कळदा चुकलो.

सराव करायला लोणार जवळच आहे. त्या सरोवरातून पूर्वी क्षार काढीत, आणि लोणारचा पापडखार घरोघर ठाऊक होता. त्या खारट पाण्यात कार्बोनेट आहे: मध्ये एक कार्बन, भोवती तीन ऑक्सिजन. कार्बनला चार बंध, म्हणजे आठ सामाईक इलेक्ट्रॉन, निम्मे चार. घरचे चार वजा चार, शून्य. एका ऑक्सिजनला दुहेरी बंध: स्वतःचे चार, बटईचे दोन, सहा वजा सहा, शून्य. उरलेल्या दोघांना एकेरी बंध: स्वतःचे सहा, बटईचा एक, सहा वजा सात, उणे एक. दोघांचे मिळून उणे दोन, आणि त्या दोहोंची फेड दोन सोडियम करतात. बेरीज जमली.

पण क्ष-किरणांनी मोजले तर तिन्ही ऑक्सिजन कार्बनपासून सारख्याच अंतरावर निघतात. शून्यवाला आणि उणेवाला असा भेद तिथे नाहीच. दोनाचा भार तिघांत सारखा वाटला गेलेला आहे. कागदावर हिशेब चोख, आणि शेतात वाटणी निराळी! आमच्या धंद्यात असे पगारपत्रक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. तरी पगारपत्रक टाकून देत नाहीत. एका रेणूच्या दोन-तीन आकृत्या निघाल्या की ज्या आकृतीत हे आकडे शून्याच्या जवळ राहतात ती सहसा पसंत करतात.

आता पुन्हा त्या खोलीतल्या वायूकडे. कार्बन मोनॉक्साइडमध्ये दुहेरी बंध काढला तर दोघांचेही आकडे शून्य येतात, आणि आम्हांला तीच आकृती बरोबर वाटली होती. पण मग कार्बनभोवती आठांऐवजी सहाच इलेक्ट्रॉन राहतात. म्हणून तिहेरी बंध. कार्बनची स्वतःची एक जोडी आणि बटईचे तीन: चार वजा पाच, उणे एक. ऑक्सिजन: सहा वजा पाच, अधिक एक. ऑक्सिजन ओढखोर असल्यामुळे निम्म्या-निम्म्याने वाटणी होत नाही, तो आपल्याकडे खेचतो. त्यामुळे प्रत्यक्षात दोन टोकांचा भार जवळजवळ फिटतो. जवळजवळच. मोजले तर किंचित ऋण टोक कार्बनचेच निघते. पुस्तकातल्या उणे चिन्हात तेवढा अंश खरा होता.

रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या लोखंडाला हा वायू धरतो तो याच कार्बनच्या टोकाने, तिथल्या मोकळ्या जोडीने. प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट. त्याला ना वास, ना रंग. झोपलेल्याला जाग यावी असे त्यात काहीच नाही. अपुऱ्या हवेत कोळसा जळाला की तो होतो.

सुनावणीत आम्ही ही आकृती खिशात घेऊन गेलो होतो. ती कुणी मागितली नाही. डॉक्टरांनी अंगाच्या लालसर रंगाबद्दल सांगितले, आणि समोरच्या वकिलांनी एवढेच विचारले की खिडकी उघडी होती काय. खिडकीला आतून पत्रा ठोकलेला होता, थंडी लागते म्हणून. भरपाई उशिरा मिळाली. त्या खोलीला झरोका मात्र सुनावणीच्या दुसऱ्याच आठवड्यात पाडला गेला.