मी मोजणी शिकले

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी आज मला उभे केले आहे. मी त्यांना म्हटले, अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी भाषण काय करणार? त्या म्हणाल्या, भाषण नको, तुम्ही मोजणीच्या वर्गाला जात होता, तेवढे सांगा. तेव्हा तेवढेच सांगते. सांगताना घरातली एक गोष्ट निघणार आहे. तिच्याशी ज्यांचा संबंध आहे त्या माझ्या चुलत जाऊबाई समोरच बसल्या आहेत. त्यांना विचारूनच बोलते. घरातही विचारले. ‘सांग, पण माझे नाव घेऊ नकोस,’ असे उत्तर मिळाले. ते नाव मी उखाण्याखेरीज घेतच नाही, तेव्हा ती अडचण नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात तालुक्याच्या गावी एका संस्थेने जमीन मोजणीचा वर्ग काढला. शनिवारी आणि रविवारी दुपारी, असा पाच महिने. शिक्षणाची अट नव्हती. आमच्या थोरल्या मुलाची फी भरली आणि पुढच्याच आठवड्यात त्याला पुण्याला नोकरी लागली. फी परत मागितली तर मिळेना. घरात चार दिवस त्या पैशांची हळहळ चालली. शेवटी मी म्हटले, पैसे जायचेच आहेत तर मी जाते. सगळे हसले. मीही हसले, पण शनिवारी डबा करून ठेवून एस. टी. त बसले.

वर्गात आम्ही चौदाजण होतो. त्यात बाया दोनच. बाकीची मुले माझ्या मुलाच्या वयाची. ती मला काकू म्हणत आणि गुरुजीही काकूच म्हणू लागले. गुरुजी जन्मभर सरकारी भूकरमापक म्हणून हिंडलेले. उन्हाने रापलेले, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी लोखंडी साखळी जमिनीवर पसरली आणि विचारले, हिच्यात खोट कुठे आहे ते सांगा. मुले आकडे शोधू लागली. मला एक कडी जराशी वाकलेली दिसली. विहिरीच्या रहाटाची साखळी बघून बघून डोळ्याला ती सवय होती. गुरुजी म्हणाले, बरोबर. कडी वाकली की साखळी आखूड होते. आखूड साखळीने मोजले की शेत खऱ्यापेक्षा मोठे भरते. आणि ओढून ओढून साखळी लांबली की शेत लहान भरते. हे ऐकून मला कापडाच्या दुकानातला आखूड गज आठवला. गिऱ्हाईकाला वाटते पाच वार घेतले, आणि घरी चोळीला कापड पुरत नाही.

जमीन मोजण्याची साखळी आपल्याकडे तेहेतीस फुटांची. इंग्रजी अमलात १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी जमिनीच्या पाहणीची जी पद्धत बसवली, ती पुढे सगळ्या मुंबई इलाख्यात चालली. त्यापूर्वी, शिवाजीमहाराजांच्या काळी, पाच हात आणि पाच मुठी लांबीची काठी होती म्हणतात. या तेहेतीस फुटी साखळीची गंमत अशी की एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे बरोबर एक गुंठा, एक हजार एकोणनव्वद चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणजे साखळ्यांचा गुणाकार केला की उत्तर थेट गुंठ्यांतच येते. समजा, चौकोनी शेत आहे पण वेडेवाकडे. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सरळ रेघ धरायची, ती भरली बारा साखळ्या. त्या रेघेपासून एका बाजूचा कोपरा काटकोनात पाच साखळ्या, दुसऱ्या बाजूचा सात. पाच आणि सात बारा. बारा बारे एकशे चव्वेचाळीस. त्याचे निम्मे बहात्तर. झाले, एक एकर बत्तीस गुंठे. ज्या दिवशी हे मला जमले त्या दिवशी एस. टी. त मी खिडकीतून दिसेल त्या शेताचे मनात दोन त्रिकोण करीत आले.

सगळेच जमले असे मात्र नाही. दुर्बिणीच्या यंत्राने कोन वाचायला शिकले, पण त्या कोनावरून पुढे जे गणित करतात, साइन आणि कॉसचे, ते माझ्या डोक्यात शेवटपर्यंत शिरले नाही. जुन्या लेव्हलमधून पट्टीवरचे आकडे उलटे दिसतात, त्याने पहिल्या दिवशी मला गरगरले. मन रमले ते फलकयंत्रात. तीन पायांवर एक पाट, त्यावर कागद, आणि शेतात उभे राहूनच नकाशा काढायचा. एका जागेवरून ओढ्यापलीकडचे झाड पट्टीतून बघून कागदावर रेघ मारायची. मग मोजून पन्नास पावले, म्हणजे पावले नव्हे, टेपने, पुढे जाऊन तिथून तेच झाड पुन्हा बघून दुसरी रेघ मारायची. दोन रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ते झाड. ओढा न ओलांडता अंतर हातात! मी पोळपाटाएवढ्या फळीवर घरी तसा खेळ करून बघितला आणि समोरच्या टेकडीवरचे देऊळ कागदावर आणले. मुलीला ते खोटेच वाटत होते. तिने दुसऱ्या दिवशी जाऊन टेप लावला तेव्हा गप्प बसली.

एका रविवारी गुरुजींनी उपग्रहावरून जागा सांगणारे यंत्र आणवले. त्याला रोव्हर म्हणतात. भूमी अभिलेख खात्याचे लोक आता हेच वापरतात. काठी रोवून थोडा वेळ थांबले की काही सेंटिमीटरच्या आत जागा कळते. मुले म्हणाली, मग साखळीचे एवढे कशाला शिकायचे? गुरुजी म्हणाले, यंत्र तुम्ही कुठे उभे आहात ते सांगते; तुमच्या आजोबाची हद्द कुठे होती ते जुन्या टिपणातच सापडते, आणि ते टिपण साखळ्या-आण्यांत आहे. कारण साखळीचे भाग रुपयासारखे, सोळा आणे. हे सोळा आणे लक्षात ठेवा, पुढे येणार आहेत.

वर्ग संपत आला तेव्हा प्रत्येकाने आपल्या घरचे एक शेत मोजून नकाशा आणायचा होता. आमचा आणि जाऊबाईंचा मळा एकमेकांना लागून आहे. आजेसासरे आणि त्यांचे भाऊ यांची १९५२ साली वाटणी झाली, तेव्हाचे पोटहिश्श्याचे टिपण मी भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल काढून आणले. मधल्या बांधावरून दोन घरांत कुरबूर होतीच. जाऊबाई एकट्या; भावजी जाऊन नऊ वर्षे झाली, मुलगा परगावी. आमचे हे नेहमी म्हणत की बांध त्यांच्या बाजूने कोरला गेला आहे.

उत्तरेच्या टोकाला हद्दीचा दगड जागेवर होता. दक्षिणेचा दगड नाहीसा झालेला. टिपणात जाऊबाईंच्या शेतातून दोन दगडांमधली एक सरळ रेघ धरलेली होती, आणि त्या रेघेपासून हरवलेल्या दगडाचे अंतर लिहिले होते चार साखळ्या बारा आणे. मुलीने टेपचे एक टोक धरले, मी दुसरे. रेघेपासून आजचा बांध भरला एकशे एकोणपन्नास फूट नऊ इंच. मी मोबाईलवर चार पॉइंट बारा गुणिले तेहेतीस केले. एकशे छत्तीस आले. म्हणजे जाऊबाई पावणेचौदा फूट आमच्यात! ह्यांना मी तिथेच सांगितले. त्यांचा चेहरा उजळला, आणि संध्याकाळी जाऊबाईंच्या अंगणात जाऊन, ‘वहिनी, आता मोजून काढले आहे बरं का,’ असे सांगूनही आले.

शनिवारी गुरुजींनी माझी वही बघितली. म्हणाले, काकू, साखळीचे आणे किती? मी म्हटले, सोळा. मग बारा आणे म्हणजे किती? पाऊण, असे तोंडातून निघाले आणि माझे हातपाय गार पडले. चार पॉइंट बारा नव्हे, पावणेपाच. पावणेपाच गुणिले तेहेतीस, एकशे छप्पन फूट नऊ इंच. जाऊबाईंचे शेत तिथपर्यंत हवे होते आणि होते सात फूट कमी. बांध कोरला होता तो आमच्या बाजूने. दरवर्षी नांगराचे एखादे तास, कोणाच्या लक्षातही न येता.

आता खरे सांगते. आठ दिवस मी कोणाला बोलले नाही. वही पिठाच्या डब्यामागे ठेवली. दोन शेतांमधली ती पाचर तीनशे शहाण्णव फूट लांब, एका टोकाला शून्य, दुसऱ्या टोकाला सात फूट. हिशेबाने सव्वा गुंठ्याला थोडी वर. एवढ्याशा जमिनीसाठी घरात आग लावू का, असे मनाला समजावीत होते. नवव्या दिवशी जाऊबाई आमच्या ओसरीवर आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्ही मोजले आहे म्हणता तर तसेच असेल, कांदा निघाला की बांध सरकवून घ्या, मला भांडायचे बळ नाही. मी आत गेले, वही आणली, आणि ओसरीवरच त्यांना चूक दाखवली. हे दारात उभे होते.

त्या रात्री घरात जे झाले ते सांगत नाही. ‘सातवी शिकलेल्या बाईच्या पाढ्यावर बापजाद्याची जमीन सोडू का?’ हे एक वाक्य सांगते, कारण ते अगदीच चुकीचे नव्हते. पाच महिन्यांच्या वर्गाने कोणी सरकारी मोजणीदार होत नाही. आमच्या टेपने हद्द कायम होत नाही. त्यासाठी अर्ज करावा लागतो, फी भरावी लागते, लगतच्या लोकांना नोटीस जाते. मी म्हटले, मग अर्ज करू. फी माझ्या बचतगटाच्या पैशातून भरते. त्यांनी सही करायला तीन आठवडे घेतले. केली मात्र.

२०२३ च्या उन्हाळ्यात भूकरमापक आले. त्यांनी रोव्हर लावला, टिपण बघितले, खुणा केल्या. दक्षिणेच्या टोकाला फरक निघाला दोन मीटर पाच सेंटिमीटर. माझा होता दोन मीटर तेरा. आठ सेंटिमीटर चुकले.  ह्यांनी ते आठ सेंटिमीटर पुढे महिनाभर मला ऐकवले, आणि त्याच महिन्यात बांधही सरकवला. सासऱ्यांनी लावलेला आंबा त्या पाचरीत गेला. तो आता जाऊबाईंच्या हद्दीत आहे. त्याचे ह्यांना अजून वाईट वाटते, मलाही वाटते. लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल दोन घरांत अजून कोणी विषय काढलेला नाही.

बायकांनी मला नंतर विचारले, आमच्या सातबाऱ्यावरचे आकडे कसे वाचायचे. एवढे लक्षात ठेवा की शंभर आर म्हणजे एक हेक्टर, आणि आर हा गुंठ्यापेक्षा किंचित लहान, जवळजवळ तेवढाच. शून्य हेक्टर चाळीस आर लिहिले असेल तर एकराला थोडे कमी. तेवढ्यावरून निदान कोणी ‘तुमचे वीसच गुंठे आहेत’ म्हणाला तर फसणार नाही.

आपल्या मंडळाच्या खोलीसाठी जी जागा मिळाली आहे तिचा पाया आखायचा आहे. गवंड्याने काटकोन काढण्यापूर्वी आपण तो दोरीने बघू. तीन हात, चार हात आणि पाच हात, अशा गाठी मारलेली दोरी मी आणते. येत्या रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. दोरीचे एक टोक जाऊबाई धरणार आहेत. तिसऱ्या कोपऱ्याला एक बाई हवी आहे.