सर्व्हरची डिस्क आणि आपला मदरबोर्ड



आजचा विषय तारांचा आणि जोडण्यांचा आहे. अलंकारिक बोलण्यास त्यात फारसा वाव नाही. परंतु आपल्यापैकी अनेकजण जुने भाग जमवून स्वतःचा संगणक उभा करतात, आणि त्यांच्या पैशांचा हा प्रश्न आहे.

मोठ्या डेटा-सेंटरमधून काही वर्षे राबलेल्या सॉलिड-स्टेट डिस्क काढल्या जातात आणि त्यांतील बऱ्याच जुन्या मालाच्या बाजारात येतात. घरगुती डिस्कच्या मानाने त्या दणकट. त्यांवर पुष्कळ अधिक लिहिता येते. शिवाय बहुतेकींत लहान कपॅसिटर बसवलेले असतात. वीज अकस्मात गेली तरी त्यांच्या बळावर डिस्क हाती घेतलेला मजकूर चिपवर उतरवते आणि मगच थांबते. जेथे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, तेथे हा गुण केवढा मोलाचा आहे, हे आपणांस सांगावयास नको. अडचण पुढे येते. दुकानदार एक ॲडॉप्टर हाती देतो, खाचेत खाच बसते, आणि तरीही पडद्यावर डिस्क दिसत नाही.

उर्दू वाचणाऱ्यास फारसीचे पान बरेचसे उच्चारता येते, कारण लिपी जवळजवळ तीच. पण अर्थ लागेलच असे नाही. डिस्कचेही तसेच होय. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या २.५ इंची डिस्क तीन निरनिराळ्या भाषा बोलतात: साटा, सास आणि एनव्हीएमई. साधा ॲडॉप्टर फक्त तारा इकडून तिकडे नेतो, दुभाष्याचे काम तो करीत नाही. एवढे ध्यानात ठेवले तर निम्मे नुकसान टळेल.

साटाबद्दल फार बोलण्याचे कारण नाही. ती कोणत्याही मदरबोर्डाला सरळ लागते आणि सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट वेग देते. सासचे मात्र तसे नाही. साटा डिस्कवर डेटा आणि वीज यांच्या पट्ट्यांमध्ये एक मोकळी खाच असते. सास डिस्कवर ती बुजवलेली असते. ही योजना मुद्दाम केलेली आहे, साटाची केबल चुकून बसू नये म्हणून. बाजारात मात्र ही अडचण ओलांडून देणारा स्वस्त ॲडॉप्टर मिळतो. तो बसतो, पण मदरबोर्डाला सासची भाषा येत नाही ती नाहीच. त्यासाठी पीसीआय-एक्सप्रेस स्लॉटमध्ये सासचे कार्ड, म्हणजे होस्ट बस ॲडॉप्टर, घालावे लागते. त्यातही मोठ्या स्टोरेज यंत्रांतून निघालेल्या काही सास डिस्कचे सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचे असतात. त्या नव्याने फॉरमॅट केल्याखेरीज वापरता येत नाहीत.

आता एनव्हीएमई. हिच्या २.५ इंची डिस्कच्या जोडणीस २०१५ पासून यू.२ हे नाव आहे. त्याच वर्षी इंटेलची ७५० ही डिस्क यू.२ रूपात सामान्य ग्राहकांसाठी आली, आणि ती एम.२ स्लॉटला जोडण्यासाठी असूसने हायपर किट नावाची छोटी पट्टी काढली. आजचे ॲडॉप्टर त्याच वळणाचे आहेत: एम.२ स्लॉटमध्ये पट्टी, पट्टीवर एसएफएफ-८६४३ जोडणी, तेथून केबल आणि केबलच्या टोकाला डिस्क. स्लॉट पीसीआय-एक्सप्रेसचा आहे की नुसता साटाचा, हे मदरबोर्डाच्या पुस्तिकेत आधी पाहावे. काही मदरबोर्डांवर एम.२ वापरला की साटाची एकदोन तोंडे बंद पडतात, तेही तेथेच दिलेले असते.

विजेची गोष्ट मात्र पुष्कळजण विसरतात. एम.२ स्लॉट फक्त ३.३ व्होल्ट देतो, आणि यू.२ डिस्कला १२ व्होल्ट हवे असतात. काही डिस्क २५ वॅटपर्यंत खातात. म्हणून केबलला विजेचे वेगळे तोंड असते, ते पॉवर सप्लायच्या साटा तारेला जोडावे. येथे स्वस्त, साच्यात ओतलेली मोलेक्स-ते-साटा जोडणी लावू नये. अशा जोडण्या तापून वितळतात.

आणखी एक फसगत अशी की एसएफएफ-८६४३ हेच तोंड सासच्या कार्डावरही असते. दिसते अगदी तेच, पण यू.२ डिस्क तेथे चालत नाही. तीनही भाषा जाणणारी ट्राय-मोड कार्डे तेवढी याला अपवाद आहेत.

मला विचाराल तर केबलपेक्षा सरळ कार्ड बरे. डिस्क कार्डावरच बसते, वीज स्लॉटमधूनच घेते, आणि मध्ये लांब तार नसल्याने संदेश बिघडत नाही. चौथ्या पिढीच्या पीसीआय-एक्सप्रेसवर लांब किंवा हलकी केबल हटकून त्रास देते. तेव्हा बायोसमध्ये वेग तिसऱ्या पिढीवर आणावा. तिसऱ्या पिढीच्या चार मार्गांवरही सेकंदाला साडेतीन गिगाबाइटच्या आसपास मिळतात, आणि घरच्या कामाला ते भरपूर झाले. मात्र स्लॉट लांब दिसला म्हणजे त्यात चार मार्ग आहेतच असे समजू नये. चार डिस्कांचे कार्ड घेणार असाल, तर १६ मार्गांचे चार-चार असे विभाजन आपला बायोस करू शकतो का, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

या डिस्कांना सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्याची सवय असते. बंद पेटीत त्या तापतात आणि मग वेग आपोआप उतरवतात. समोर एक साधा पंखा लावला की काम भागते.

राहता राहिली झीज. स्मार्टसीटीएल नावाचा मोफत प्रोग्रॅम चालवला की एनव्हीएमई डिस्क स्वतःच पर्सेंटेज यूज्ड हा आकडा सांगते. तो १०० झाला म्हणजे डिस्क त्या क्षणी मेली असे नव्हे, तो १०० च्या पुढेही जातो. कंपनीने धरलेले आयुष्य मात्र संपलेले असते. दुकानदाराला हा आकडा आपल्यासमोर, त्याच्याच यंत्रावर दाखवावयास सांगा. नकार मिळाला तर दुसरे दुकान गाठा.